वलवणची भट्टी

वलवणला काचेची भट्टी घालणारा साहेब ऑस्ट्रियाहून आलेला. त्यानंच गावकऱ्यांना काच फुंकायला शिकवलं. पहिलं महायुद्ध पेटताच शत्रुराष्ट्राचा म्हणून पोलिसांनी त्याला दूरच्या छावणीत नेलं. जाताना कारागीर रज्जाकला म्हणाला, “भट्टी विझू देऊ नको.” दोन महिन्यांत कोळसा संपला. माणसं हताश होऊन घरी परतली. सकाळी पाहतात तर भट्टी धगधगत होती; आत ना कोळसा, ना राख. त्यांनी बिचकतच काम केलं. आग नऊ दिवस टिकली. नवव्या दिवशी, आग पेटती असतानाच, छावणीतून पत्र आलं. कोळसा संपला त्याच दिवशी साहेब तापानं वारला होता. वाळू चाळणारी अंबूबाई पुढं झाली. “रज्जाकभाऊ, मेल्यावरबी किती राबवायचं त्यांना?” रज्जाक भट्टीपुढं वाकला. “सायब, आमाला समदं येतंय. तुमी जावा.” भर दुपारी आग निवली. मग गावानं घरोघरचं सरपण आणून भट्टी स्वतः पेटवली.