अंगठ्याची हजेरी

विज्ञानापुढे म्हातारपणही हात टेकतं, असं सीरमच्या बाटलीसोबतच्या पत्रकात छापलं होतं. ऑफिसातल्या हेडक्लार्क बाईंना ते पटलं, कारण पत्रकाचा कागद गुळगुळीत होता.

स्टेम सेलमधून काढलेल्या रेणूंचं ते सीरम. रोज सकाळी दोन थेंब उजव्या अंगठ्याने चेहऱ्यावर आणि केसांच्या मुळाशी चोळायचे. तीन महिन्यांत सुरकुत्या गेल्या, भांगातली चांदी काळी झाली.

“बाई, तुम्ही तर स्वतःचीच लेक दिसता!” टायपिस्ट म्हणायची.

आज नऊ वाजता बाईंनी अंगठा टेकवला, पण हजेरीच्या यंत्रावर त्यांचं नाव उमटलंच नाही. तीस वर्षांत एकही खाडा नव्हता.

यंत्र दुरुस्त करणारा आला. “रेषा झिजल्या असतील, मॅडम. नव्याने नोंदवू.” त्याने बटणं दाबली आणि पडद्याजवळ वाकला.

“काय झालं?”

“हा अंगठा आधीच नोंदलेला आहे. पण तुमच्या नावावर नाही.”

पडद्यावर नावाची जागा कोरी होती. खालच्या नोंदींप्रमाणे, बाईंनी बाटली उघडली त्या दिवसापासून कुणीतरी रोज त्यांच्या मागोमाग, अर्ध्या मिनिटाने, आत येत होतं. बाहेर गेल्याची नोंद एकही नव्हती.

बाईंनी अंगठा रुमालाने खसाखसा पुसला. “ती नोंद काढून टाका. आत्ताच्या आत्ता!”

“निघत नाही, मॅडम.” त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. “माणूस आत असेपर्यंत यंत्र नोंद काढू देत नाही.”

त्या दिवशीच्या तक्त्यात कोरं नाव नऊ वाजता हजर होतं. बाईंचा खाडा पडला.