बांधून ठेवलेलं झाकण

काशिरामशेठच्या कळंबोलीच्या गाळ्यात यूनुसमिस्त्री परांचीवर उभा राहून फळी कापत होता, तेवढ्यात कटर मशीनचं बटण आत अडकलं. मशीन बंद होईना. खाली ठेवावं तर पायावर उसळणार; आडवं येतं म्हणून ब्लेडवरचं झाकण त्यानेच तारेने वर बांधून टाकलेलं. दोन्ही हात गुंतलेले, आणि त्या आवाजात हाक कोण ऐकणार? रोज लोडशेडिंगला शिव्या घालणारा यूनुस पुटपुटला, "या अल्लाह, आज लाइट जाऊ दे!"

लाइट गेली. ब्लेड थांबलं. बधिर हातांनी मशीन मांडीवर घेऊन तो मटकन खाली बसला.

खालून काशिरामशेठ ओरडले, "मिस्त्री, आता तुमचा काम नाय थांबायचा! जनरेटर आनलाय. हा बघा, केला चालू!"