घर क्रमांक चौदाचा तांडेल

भर दुपारी बचाव-लाँच दारात आली, पण तिच्यात माणूस नव्हता, नुसता आवाज होता. "ही लाँच फक्त नौकांसाठी आहे. आपले हे घर आहे."

"वीस वर्षं पिंपांवर तरंगतंय की!" चांगुणाबाई ओरडली. समुद्र गावात शिरल्यापासून सगळ्यांचीच घरं तरंगत होती. आत तिच्या नवऱ्याला, धर्माजीला, साप चावून तास झाला होता.

"बांधलेले ते घर. सुटे ती नौका."

चांगुणाबाईने कोयत्याने दोर तोडला. घर ओहोटीबरोबर सरकू लागलं.

"नौकेची नोंद झाली. नौकेचा प्रमुख, म्हणजे तांडेल, कोण?"

"हेच की! चाळीस वर्षं होडी चालवली यांनी," ती अभिमानाने बोलून गेली.

"तांडेलाला वाहती नौका सोडता येत नाही. प्रवाशाने यावे."

"अरे मेल्या, साप त्यांना चावलाय, मला नाही!"

"प्रवासी येत नसल्यास लाँच परत जाईल."

धर्माजीचे डोळे मिटत चालले होते. चांगुणाबाईने कोयता उगारला. "मग मी बंड करते. यांना काढलं. आत्तापासून तांडेल मी."

"बंडाची नोंद झाली. माजी तांडेलाला हलवण्यास हरकत नाही."

लाँचच्या लोखंडी हातांनी धर्माजीला अलगद उचललं. "घरात तांडेल नेहमी हीच होती," तो पुटपुटला. लाँच वळली तेव्हा मात्र जीव एकवटून ओरडला, "चांगुणे, डावीकडं धर! समोर खडक हाय!"

घराला सुकाणू नव्हतं. चांगुणाबाईने पिठाची परात उचलली आणि उंबऱ्यावर बसून वल्ह्यासारखं पाणी मारायला सुरुवात केली.