कामाची पाहणी

आरोग्य खात्याच्या साहेबांची जीप घाटाच्या शेवटच्या वळणावर दिसली आणि दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांचे हातपाय एकदम अधू झाले.

दिनेओ दारातच थबकली. लेसोथोच्या या डोंगराळ मुलखातली ती एकुलती एक फिजिओथेरपिस्ट. सकाळी घोड्यावर टांग टाकून आलेले मोखेलेबाबा आता दोन काठ्यांवर कण्हत होते. परवा लग्नात मनसोक्त नाचलेली मामेलो आजी डावा हात लोंबकळत सोडून भिंतीला टेकली होती.

"अहो, काय चाललंय हे? साहेब माझं काम बघायला येतायत!"

"म्हणून तर!" मोखेलेबाबा कुजबुजले. "राजधानीत, मासेरूच्या मोठ्या दवाखान्यातल्या तुझ्यासारख्या दोघी परदेशात पळाल्या. आता तुला उचलून न्यायला आलाय तो. तू गप्प राहा, पोरी."

साहेब उतरले ते कमरेवर हात ठेवूनच. रस्त्याने त्यांना पार खिळखिळं केलं होतं. त्यांनी मोखेलेबाबांना विचारलं, "काय बाबा, आहे का काही फरक?"

"आहे ना साहेब. आलो तेव्हा एकच पाय दुखत होता. आता दोन्ही."

दिनेओचे कान तापले. या पायासाठी तिने अख्खा हिवाळा घातला होता.

"मी तर इथे चालत आले होते," आजीने सूर लावला.

साहेबांनी दिनेओकडे बघितलं. "बाई, तुम्ही शिकलात तरी कुठे?"

ती सांगणारच होती. सगळंच सांगणार होती. तेवढ्यात आजीच्या त्या लुळ्या हाताने पाठीमागून तिचं मनगट करकचून धरलं.

"राहू द्या इथेच," साहेब सुस्कारले आणि जीपमध्ये चढायला वाकले. वाकले ते तसेच राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"आई गं!"

ओसरीवरच्या सगळ्यांनी डोळ्यांनीच दिनेओला दटावलं. पण ती तोवर पोचलीही होती. तिने साहेबांना आतल्या बाकावर पालथं झोपवलं. अंगठ्यांनी कंबर चाचपली, दाबली, मग हळूहळू एक पाय वळवून घेतला. थोड्या वेळाने साहेब उठून ताठ उभे राहिले. स्वतःच चकित होऊन दोन पावलं चालले.

"बाई, हे तुम्ही..."

"एकेकाचं नशीब असतं, साहेब!" मोखेलेबाबा बाहेरून घाईघाईने ओरडले.

साहेबांनी ओसरीवरून एक नजर फिरवली. काठ्या, लोंबते हात, वाकडी तोंडं. मग ड्रायव्हरला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले, "मासेरूत यातलं अवाक्षर काढायचं नाही. बाई तिकडे गेल्या तर त्या रांगेत माझा नंबर कधी लागायचा? पुढच्या महिन्यात मला परत यायचंय इथे."

जीप दिसेनाशी झाली. ओसरीवर शिट्ट्या, टाळ्या. आजी दोन्ही हात उंचावून नाचायला लागली.

"मला जायचं होतं का, हे विचारलं का कुणी?" दिनेओ कडाडली.

नाच थांबला. मामेलो आजी खाली बघत म्हणाली, "भीती वाटली गं. तू हो म्हणाली असतीस तर?"

दिनेओने बाह्या वर सारल्या.

"रांगेत बसा सगळे. आज प्रत्येकाला दुप्पट व्यायाम."

काठ्या बाजूला टाकून मोखेलेबाबा सगळ्यांत आधी रांगेत बसले.