पन्नास दंड

पोरींच्या तालमीच्या दारावर भीमा वस्तादांनी पाटी लावली होती : ‘उशिरा येणारीस पन्नास दंड.’ गायींच्या धारा काढून निघणाऱ्या ज्ञानेश्वरीला रोजच उशीर व्हायचा. एके दिवशी तिची आई तणतणत तालमीत आली.

“वस्ताद, रोजचे पन्नास रुपये कुठून आणायचे आमी? उद्यापासून पोरगी यायची न्हाई!”

वस्तादांना हसू आवरेना. “अवो ताई, दंड भरायचा न्हाई, मारायचा! ह्यो व्यायाम हाय, जोर-बैठकांतला!”

वर्षभर दंड मारून ज्ञानेश्वरीनं सोनईच्या यात्रेत एकेकीला चीत केलं आणि गदा आणली.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी पहाटे तालीम उघडली, तर एकही पोरगी नाही. तासाभराने सगळ्या एकदमच आल्या आणि वस्तादांनी तोंड उघडायच्या आत दंड मारू लागल्या.