चौथा पंजा

नुकत्याच सारवलेल्या अंगणात दुरगव्वाला कुत्र्याच्या पायांचे ठसे दिसले आणि ती तिथंच उकिडवी बसली. ओल्या शेणात गोठ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ठसे गेले होते. चारही पंजे सारखेच रुतलेले. चौथा पंजा तर टेकतच नाही, असं सासरा रोज सांगत होता.

सासरा तिम्मण्णा भिंतीच्या सावलीत बसून अंड्याच्या पांढऱ्यात उडदाचं पीठ कालवत होता. शेजारी मिंचू, पोट पाठीला लागलेला, लांबसडक शिकारी कुत्रा. पुढच्या उजव्या पायाला बांबूच्या कामट्या, त्यावर कापड, कापडावर वाळून दगड झालेलं तेच पीठ. हाड मोडलं की या गावात माणसालाही हेच बांधतात.

"परत नवा लेप?" दुरगव्वाने विचारलं.

"जुना सैल झालाय."

"आपोआप झाला, की कुणी केला?"

तिम्मण्णाने मान वर केली नाही. "हाड अजून कच्चं आहे गं."

"हाड कच्चं, आणि माझ्या पोराच्या तोंडची अंडी मात्र रोज पक्की जातात."

ती कुत्र्याकडे वळली. त्याने तोंड फिरवलं. म्हणजे हाही सामील, तिच्या मनात आलं.

गोव्याला कामाला जाताना तिच्या नवऱ्याने शंकरगौडाला शब्द दिला होता: पाय जुळला की कुत्रा तुमचा. कुत्र्याच्या येणाऱ्या पैशांत छप्पर शाकारायचं ठरलं होतं. गौडा आज येणार होता. त्याला हे ठसे दाखवायचे आणि म्हाताऱ्याचं सोंग उघडं पाडायचं, दुरगव्वाने ठरवून टाकलं.

गौडा आला तो फटफटी दारातच लावून. शर्यतीची कुत्री पाळणारा माणूस, बसायच्या आधी कुत्र्याला बघणारा.

"अज्जा, अजून बांधलेलाच? माझ्या घरी असता तर एव्हाना पळाला असता."

"पळेल की. वेळ लागतो, गौडा."

"उभा करा बघू."

तिम्मण्णाने जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज काढला. मिंचू उठला आणि बांधलेला पाय त्याने असा अलगद वर धरला, की दुरगव्वाला हसू आवरेना. शिकवलंय! म्हाताऱ्याने कुत्र्याला लंगडायला शिकवलंय!

गौडाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने डोळे बारीक केले. "अज्जा, जीभ खोटं बोलते. शिकारी कुत्र्याचे डोळे खोटं बोलत नाहीत." पिशवीतून त्याने दोरीला बांधलेलं सशाचं वाळकं कातडं काढलं. "हे पळताना दिसलं आणि तरी हा जागचा हलला नाही, तर पाय मोडलाय म्हणू."

तिम्मण्णाच्या हातातला वाडगा तसाच राहिला. त्याने फक्त आत पाहिलं, बाजेकडे.

त्या एका नजरेने दुरगव्वाचं हसू मावळलं. सासू गेल्यावर हा माणूस त्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायला हाका मारून तिचा घसा बसायचा. मिंचूचा पाय मोडला त्या दिवशी तो पहिल्यांदा आपणहून उठला, चुलीपाशी आला आणि म्हणाला, उडीद आहेत का गं? तेव्हापासून तो उठतोय, औषधाचा पाला आणतोय, तिच्याशी भांडतोय. त्याचं भांडणसुद्धा तिला हवंहवंसं वाटायला लागलं होतं, हे तिला आत्ता कळलं.

गौडाने कातडं अंगणात भिरकावलं आणि दोरी खेचली.

दुरगव्वा धावली आणि खाली बसली. तिने मिंचूचं डोकं छातीशी आवळलं आणि त्याच्या डोळ्यांवर पदर ओढला.

"नको गौडा! कच्चं हाड निखळलं तर लंगडं कुत्रं तुम्हीच परत आणून दारात बांधाल. मग नवऱ्याच्या शब्दाचं काय करू मी?"

कातडं खरखरत निघून गेलं. दिसलं नाही म्हणून मिंचूने फक्त कान हलवले. पण आवाज त्याला पोचला होता. दुरगव्वाच्या मांडीखाली तो मोडलेला पाय जमिनीत घट्ट रोवला गेला होता, दगडासारखा. तिने लुगडं पसरून तो झाकला.

गौडा तिच्याकडे बघत राहिला. मग खाली, अंगणाकडे. "आणि हे ठसे? चारही पायांचे दिसतात."

"शेजारचं कुत्रं. मेल्याला सकाळीच हाकललं."

"शेजारी कुत्रं आहे?"

"आहे की. तुम्ही आलात म्हणून दडलंय कुठंतरी."

गौडाने कातडं गुंडाळलं. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसला नाही हे त्याने लपवलंही नाही. "उगादीचा पाडवा झाला की येतो. त्या दिवशी पट्टी मी माझ्या हाताने सोडणार, अव्वा."

फटफटीचा आवाज विरला. तिम्मण्णा वाडग्यात बघत बसला होता. पीठ घट्ट होत चाललं होतं. सुनेकडे बघायची त्याची हिंमत होईना.

दुरगव्वाने शेणाची पाटी ओढली आणि एकेक ठसा पुसत अंगण पुन्हा सारवायला घेतलं. गोठ्यापाशी पोचल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "मामा, उद्यापासून मी सारवलं की त्याला उचलून न्यायचं."