आज लॅटिन नाही

“आज लॅटिन नाही,” सुशीलाबाईंनी नवऱ्याला बजावलं. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, “आणि तुझा डावा हात पदराखालून बाहेर येता कामा नये. स्वल्प सांभाळून घे.”

बिंदुमाधवांनी मान डोलावली. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या या गृहस्थांना शब्दाचं मूळ उकरल्याशिवाय चैन पडत नसे. पण आज प्रश्न श्रीविद्याचा होता. आधीची दोन स्थळं त्या डाव्या हातामुळेच परत फिरली होती. हे तिसरं होसकोट्याचं, मूळ निपाणीकडचं. व्हिडिओ कॉलवर दोनदा बोलून मुलगा पोरीच्या मनात भरला होता. मध्यस्थ श्रीधररावांनी मात्र दहा वेळा बजावलं होतं, की दुसरी बाजू जुन्या वळणाची आहे, रीतभात सांभाळा.

व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधून मंडळी तासभर उशिरा पोचली. संग्राम, त्याचे वडील दयानंद आणि आई अनुसूयाबाई. गप्पा झाल्या, उप्पीट आलं. ते काही संपेना. अनुसूयाबाई चमच्याने नुसतं उकरत बसल्या. दयानंदांच्या सदऱ्यावर शेंगदाणे सांडले. संग्रामने दोन घास कसेबसे खाल्ले. मीठ जास्त पडलं की काय म्हणून सुशीलाबाई आत जाऊन चाखून आल्या. पसंत नाही वाटतं, असं मनाशी म्हणत बिंदुमाधवांनी उसासा टाकला.

श्रीविद्याने कॉफीचे पेले उजव्या हाताने एकेक करून आणले. पाच पेले, पाच खेपा.

“हाताला काय लागलंय काय गं?” अनुसूयाबाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. श्रीविद्याने एकदा संग्रामकडे पाहिलं आणि पदर सोडला. “काही नाही लागलेलं. मी डावखुरी आहे. जेवतेसुद्धा डाव्या हाताने. नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुशीलाबाईंनी डोळे मिटले. बिंदुमाधवांना मात्र लेकीचा इतका अभिमान वाटला, की बायकोची ताकीद ते साफ विसरले.

त्यांनी सिनिस्टर हा शब्द काढला. इंग्रजीत अशुभ, कपटी. पण लॅटिनमध्ये त्याचा साधा अर्थ डावा, एवढाच. रोमचे शकुन पाहणारे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहत, पूर्व त्यांच्या डावीकडे येई, म्हणून डावीकडचा शकुन शुभ. पुढे ग्रीकांच्या नादाने तो अशुभ ठरला. “शब्द बिघडला, हात नाही,” ते म्हणाले. “माझ्या मुलीने हात लपवावा असं घर मला नको.”

कॉफीवर साय धरली.

मग अनुसूयाबाई नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलासा न्हवं? सुटलो बघा.”

आणि तिघांनीही उप्पिटाच्या बशा पुन्हा ओढून चमचे डाव्या हातात घेतले.